कोळशाचा डाग : विल्यम केंट्रिजची इतिहासदृष्टी

जोहान्सबर्ग हे शहर नदीकाठी वसले नाही. १८८६ मध्ये तेथे सोने सापडले म्हणून वसले. खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे ह्याच त्याच्या टेकड्या. १९५५ साली या शहरात जन्मलेल्या विल्यम केंट्रिजच्या चित्रांत म्हणूनच निसर्ग असा नाही. आहे ती माणसाने उकरून टाकलेली जमीन.

१९८९ पासूनच्या त्याच्या चलच्चित्रांची पद्धत साधी आहे. कागदावर कोळशाने चित्र काढायचे, कॅमेऱ्याने टिपायचे, थोडे पुसून त्याच कागदावर पुन्हा काढायचे. कोळसा पुरता पुसला जात नाही. हललेल्या प्रत्येक वस्तूमागे करडा डाग उरतो. समीक्षकांनी या डागाला ‘स्मृती’ म्हटले. ते चूक नव्हे, पण फार सोयीचे आहे. ‘फेलिक्स इन एक्झाइल’ हे चलच्चित्र १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावरचे. त्यात नंदी ही कृष्णवर्णीय स्त्री जमिनीची मोजणी करते, पडलेली प्रेते रेखाटते. प्रेतांवर वर्तमानपत्रे येऊन पडतात आणि पाहता पाहता ती भूमीत विरतात. अखेर नंदीही विरते. हे विरणे निसर्गक्रमासारखे भासते, हेच त्यातले भयंकर. डाग उरतो तो कागदावर, भूमीवर नव्हे.

केंट्रिजचे वडील सिडनी हे नामांकित वकील. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. त्या प्रकरणाची छायाचित्रे त्यांच्या अभ्यासिकेत होती. सहा वर्षांच्या मुलाने चॉकलेटचा डबा समजून खोके उघडले, आणि आत ती निघाली. वर्णद्वेषी राजवटीची हिंसा या गोऱ्या, सुस्थित घरात अशी कागदावरून आली. साक्षीदाराचे हे दुय्यमपण केंट्रिज लपवीत नाही, हे त्याचे मोठेपण. ‘माइन’ (१९९१) या शीर्षकात ‘खाण’ आणि ‘माझे’ असे दोन्ही अर्थ आहेत. खाणमालक सोहो एकस्टाइन अंथरुणातच कॉफीच्या भांड्याचा दट्ट्या दाबतो. तो दट्ट्या पलंगातून खाली, निजलेल्या मजुरांच्या देहांमधून खाणीत उतरत जातो. डागाच्या सौंदर्यावर लुब्ध झालेल्यांनी हा दट्ट्या विसरू नये.

१९९६ मध्ये सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. राजकीय गुन्ह्याची पूर्ण कबुली देणाऱ्यास माफी मिळू शकत होती. त्याच वर्षीच्या ‘हिस्टरी ऑफ द मेन कम्प्लेंट’मध्ये सोहो रुग्णालयात बेशुद्ध पडला आहे. त्याला रस्ता आठवतो, मारहाण झालेला देह आठवतो, गाडीवर आदळलेला माणूस आठवतो. त्या आठवणीसरशी तो शुद्धीवर येतो. पुढच्या दृश्यात तो आपल्या टेबलाशी बसला आहे, आणि कचेरीचे कामकाज पूर्ववत चालू आहे.