आपल्या विहिरीत तेल का लागत नाही?

मंडळी, बुलढाणा जिल्ह्यात विहीर खणायला घेतली म्हणजे काय लागते, ते मी तुम्हांला सांगायला नको. आधी माती, मग मुरूम आणि मग सुरुंगाशिवाय न हालणारा काळा पाषाण. अशा वेळी एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, एवढे खोल गेलो, तर तेल का लागत नाही?" प्रश्न पोरकट नाही. पण त्याच्या उत्तरासाठी आपल्याला गुजरातेत अंकलेश्वरला जावे लागेल.

अंकलेश्वर आपल्याला अगदीच परके नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ पासून ३० एप्रिल १९६० पर्यंत ते आणि आपला जिल्हा एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते. त्याहून जुने नाते आहे ते दगडाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले. लोणारचे सरोवर ज्या काळ्या दगडात आहे, तोच दगड अंकलेश्वरच्याही पोटात खोल आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे तो वर राहिला, आणि तिकडे जमीन खचून समुद्र आत आला. मग त्या दगडावर काळा चिखल साचला. त्यात सूक्ष्म जीवांचे अवशेष गाडले गेले. नद्यांनी वाळू आणून ओतली. दाबाने आणि उष्णतेने त्या अवशेषांचे तेल झाले, वाळूचा वालुकाश्म झाला, आणि तेल त्या वालुकाश्मात शिरले.

पुष्कळांना वाटते, की जमिनीखाली तेलाचे तळे असते. तसे नाही हो! शिक्षकांनी वर्गात एक पेला वाळूने काठोकाठ भरावा आणि त्यात हळूहळू पाणी ओतावे. भरलेल्या पेल्यातही बरेच पाणी मावते. वालुकाश्माच्या कणांमध्ये तेल असेच राहते. पाण्याहून हलके म्हणून ते वर चढते. पण वर चिकणमातीच्या दगडाचे घट्ट झाकण असते. अंकलेश्वरला हे थर पालथ्या परातीसारखे वाकले आहेत. त्या फुगवट्याखाली तेल कोंडून राहिले.

हे आज सोपे वाटते. परंतु आसामात दिग्बोईला १८८९ साली तेल लागल्यानंतर कितीतरी वर्षे परदेशी जाणकार म्हणत, की त्या बाजूखेरीज भारतात तेल मिळण्याची आशा थोडी. १९५४-५५ मध्ये मुंबईला तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, तेही परदेशच्या तेलावर. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. केशवदेव मालवीय यांनी हे काम नेटाने पुढे रेटले. रशियन तज्ज्ञ मदतीला आले. १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले, आणि १४ मे १९६० रोजी अंकलेश्वरला. राज्ये वेगळी होऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते! १९६१ पासून तेथले तेल आगगाडीने मुंबईच्या कारखान्यांकडे जाऊ लागले. बडोद्याजवळचा कोयालीचा कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला.

तेल लागले म्हणजे काम संपले, असेही नाही. उपसा होतो तसा आतला दाब उतरतो. म्हणून भोवतालच्या विहिरींतून खाली पाणी दाबावे लागते, ते तेलाला पुढे ढकलते. तरीही बरेचसे तेल वाळूच्या कणांना चिकटून खालीच राहते.

आता त्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? आपला काळा पाषाण लाव्हारसाचा आहे. त्यात चिखल कुजला नाही, तेल तयार झाले नाही. म्हणून आपली विहीर पाण्यासाठीच खणावी. हे 'नाही' दगड ओळखून दिलेले आहे. गुजरातेबद्दलचे जुने 'नाही' मात्र पुरती छिद्रे न घेताच दिलेले होते. दोन्हींतला भेद मुलांना कळला, तर भूगोलाचा तो तास कारणी लागला असे समजावे.