मामूंची होशरुबा

2011 साली मामू गेले. चाळीसाव्यानंतर त्यांच्या कपाटाचा प्रश्न निघाला. औरंगाबादच्या जुन्या वस्तीतलं ते घर विकायचं ठरलं होतं. भांडी, कपडे, शिवणयंत्र वाटून झालं आणि पुस्तकांपाशी येऊन सगळे थांबले. दोनेकशे उर्दू पुस्तकं होती. मामूंची नातवंडं, भाचवंडं सगळी मराठी नाहीतर इंग्रजी माध्यमातली. उर्दू वाचणारी मी एकटी, तीही त्यावर पोट असलेली.

उर्दू लिपीतला कागद आपल्या घरांतून सहसा रद्दीत जात नाही. त्यात कुठे अल्लाहचं नाव असेल, कुठे आयत असेल, म्हणून तो पोत्यात भरून विहिरीत नाहीतर नदीत सोडायचा, किंवा जमिनीत पुरायचा, ही रीत. त्यामुळे पोती आणली गेली. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड बाहेर निघाले तेव्हा खालू म्हणाले, "ये तो झूट का पुलिंदा है, रद्दी में डालो." मुमानी म्हणाल्या, यात तर पानोपानी अल्लाह-रसूलचं नाव आहे, रद्दीत कसं टाकता? खोटं म्हणून घरात ठेवायचं नाही आणि पाक नावं आहेत म्हणून फेकायचंही नाही. या पेचात ते खंड आठवडाभर ओसरीत पडून राहिले. शेवटी मी दोन खेपा करून सहा खंड एसटीने घरी आणले. होशरुबाच्या जिल्दी सात, पण पाचवी दोन भागांत आहे, म्हणजे पुस्तकं आठ. त्यातली दोन माझ्या आधीच कुणीतरी नेली होती. गेलेल्यांत सातवी जिल्द होती, म्हणजे गोष्टीचा शेवटच नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'दास्तान-ए-अमीर हमजा' ही शेकडो वर्षं फार्सीत आणि मग उर्दूत सांगितली गेलेली अद्भुत कथा. नायकाला नाव पैगंबरांचे काका हजरत हमजा यांचं आहे, पण उहुदच्या लढाईत शहीद झालेल्या त्या ऐतिहासिक हमजांशी या कथेचा संबंध नावापुरताच. दास्तानीतला हमजा देव-दानवांशी, जादूगारांशी लढत फिरतो. त्याचा जिवलग दोस्त अमर अय्यार, म्हणजे वेषांतर, चोरी आणि थट्टा यांचा उस्ताद. त्याच्याजवळ जंबील नावाची थैली असते, तिच्यात काहीही मावतं. अंगावर गलीम ओढली की तो कुणाला दिसत नाही. आणि कंजूष इतका की मेलेल्या शत्रूच्या अंगावरचा अंगरखाही सोडत नाही. होशरुबा हा या दास्तानीचा सर्वांत लाडका भाग. जादूने उभं केलेलं, जादूवरच चालणारं आणि बादशहा अफरासियाबच्या ताब्यात असलेलं एक अख्खं राज्य, म्हणजे तिलिस्म. त्याचा एक भाग जाहिर, एक बातिन, आणि मधून वाहते रक्ताची नदी.

मी हे पहिल्यांदा वाचलं बारा-तेराव्या वर्षी, मामूंच्या माळ्यावर. अर्धे शब्द कळत नव्हते. लखनवी फार्सीने लगडलेली वाक्यं मी उड्या मारत वाचायची आणि अमर कुठे येतो ते शोधायची. मामू रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, की पुन्हा वाचशील तेव्हा मधलंही वाच.

हे 'पुन्हा' मला पुढे महत्त्वाचं वाटत गेलं. वाचलेलं परत काय वाचायचं, असं आज आपण सहज विचारतो. दास्तानीच्या दुनियेत हा प्रश्न उलटा होता. चौकात किंवा एखाद्या नवाबाच्या बैठकीत दास्तानगो बसायचा तेव्हा समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असायचं की हमजा जिंकणार आहे. नवीन ऐकायला कुणी येत नव्हतं. आज तो कशा रीतीने सांगतो, हे ऐकायला येत. शम्सुर्रहमान फारुकी यांनी या दास्तानींवर उभं आयुष्य घालवलं. अलाहाबादेत बसून त्यांनी नवल किशोर छापखान्याच्या सगळ्या शेहेचाळीस जिल्दी जमवल्या, त्या वाचल्या आणि त्यांवर अनेक खंडांचा अभ्यास लिहिला. दास्तान पुढे न्यायची नसते, रोखून धरायची असते, हे त्यांच्याकडूनच मला कळलं. पडद्यापर्यंत पोहोचलेल्या नायकाला दास्तानगो तिथेच उभा करायचा आणि कित्येक रात्री नुसतं वर्णन चालवायचा. श्रोते म्हणत, वाहवा.

खालूंचा आक्षेप मात्र नवा नव्हता. तो थेट बाबरापासूनचा आहे. बाबराने आपल्या आठवणींत खुरासानच्या एका माणसाचा उल्लेख केला आहे. त्या बिचाऱ्याने अमीर हमजाच्या कथेच्या धर्तीवर एक कथा रचण्यात आयुष्य घालवलं आणि बाबराच्या मते ते वाया घालवलं, कारण असल्या लांबलचक थापा अकलेला आणि निसर्गाला धरून नसतात. आता गंमत पाहा. याच बाबराच्या नातवाने, अकबराने, साधारण 1562 पासून पंधरा वर्षं आपला चित्रशाळेचा कारखाना याच थापांच्या कामी लावला. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली कापडावर चौदाशे चित्रं झाली. आज त्यांतली दोनशेही उरलेली नाहीत. सर्वांत मोठा संच व्हिएन्नात आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली काही चित्रं 1881 साली श्रीनगरात एका इंग्रज अधिकाऱ्याला सापडली. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात ती खिडक्यांना लावलेली होती, थंडी अडवायला! काही चित्रांतले चेहरे कुणीतरी आधीच खरवडलेले होते. म्हणजे त्यांच्याही नशिबी मामूंच्या ओसरीसारखंच काहीतरी आलं होतं.

ही कथा दिल्ली-लखनौपुरती नाही, हेही इथे नोंदवायला हवं. आपल्या दख्खनेत कुतुबशाही दरबाराच्या आश्रयाला हमदानहून एक किस्साख्वान आला होता, आणि त्याने फार्सीत हमजाची कथा लिहून ठेवली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात 1801 साली खलील अली खान अश्क यांनी ती उर्दूत आणली. पण तिचा खरा पसारा झाला लखनौत. मुन्शी नवल किशोर यांनी 1858 साली तिथे छापखाना काढला. हिंदू मालकाच्या या छापखान्यातून कुरआन निघत होतं, हिंदू धर्मग्रंथ निघत होते आणि अमीर हमजाही निघत होता. 1883 साली होशरुबाची पहिली जिल्द आली. पहिल्या चार मुहम्मद हुसेन जाह यांच्या, पुढच्या अहमद हुसेन कमर यांच्या. मुखपृष्ठावर मात्र सांगितलेलं की मूळ ग्रंथ अकबराच्या दरबारातल्या फैजीचा आहे आणि हा फक्त अनुवाद. असं मूळ फार्सी पुस्तक आजवर कुणाला मिळालेलं नाही. माझी खात्री आहे की ही खुद्द अमरचीच करामत असणार.

याच काळात दास्तानीची लाज वाटायला लागली होती. 1857 नंतरच्या सुधारकांना कौम शिकवायची होती, सावरायची होती, आणि त्यांची तळमळ खरी होती. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत नसूह नावाचा बाप आजारातून उठतो, तौबा करतो आणि थोरल्या मुलाची किस्से-शायरीची पुस्तकं जाळून टाकतो. 1893 साली हाली यांनी 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'त खोट्या, अतिशयोक्त कवितेवर कोरडे ओढले. होशरुबाच्या शेवटच्या जिल्दी त्याच सुमारास छापून बाहेर पडत होत्या. मी शाळेत हाली शिकवते, नजीर अहमद शिकवते आणि मनापासून शिकवते. बी. एड. करताना एका अध्यापकांनी आम्हाला सांगितलं होतं, की मुलांना परीकथा देऊ नका, त्याने त्यांचा वैज्ञानिक दृष्टिकोन मारला जातो. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्याच वर्षी होशरुबा दुसऱ्यांदा वाचली, या वेळी मामूंचं ऐकून मधलंही.

दुसऱ्या वाचनात मला बायका दिसल्या. लहानपणी मी त्यांच्यावरून उडी मारून गेले होते. मलिका महरुख, मलिका बहार, अफरासियाबची राणी हैरत. या जादूगार आहेत, सेनापती आहेत, आपापल्या फौजा घेऊन येतात, पक्ष बदलतात, वाटाघाटी करतात. बहारचं शस्त्र म्हणजे फुलांचा गुच्छ. तो फेकला की रणांगणावर वसंत उतरतो आणि समोरची फौज वेडी होऊन नाचू लागते. पुरुषांनी पुरुषांच्या बैठकींसाठी रचलेल्या कथेत हे कसं आलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मधल्या काळात, मी नववीत असताना, 1994 साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' सुरू झाली. रविवारी सकाळी आमच्या मोहल्ल्यात टीव्ही असलेल्या घरांपुढे चपलांचा ढीग पडायचा. भुवया उंचावणारा क्रूरसिंह आणि त्याचं ते 'यक्कू' आठवतं ना? मला पहिल्याच भागात धक्का बसला तो वेगळाच. ऐयार! तिलिस्म! हे तर आमच्या माळ्यावरचे शब्द. देवकीनंदन खत्रींनी 'चंद्रकांता' लिहिली ती होशरुबाच्या जिल्दी छापल्या जात असतानाच, 1888 च्या सुमारास, आणि अय्यार तिथूनच उचलले. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. पण खत्रींनी एक मोठा बदल केला. त्यांच्या तिलिस्मात जादू नाही. तिथे कळा आहेत, चाकं आहेत, भुयारं आहेत, पाय पडताच फिरणाऱ्या फरश्या आहेत. कुणीतरी हुशार कारागिरांनी बांधून ठेवलेलं ते यंत्र आहे. एकाच शब्दाने दहा वर्षांच्या आत जादूकडून विज्ञानकथेकडे पाऊल टाकलं, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होईल का? मालिकेने अर्थात पुन्हा सगळी जादू भरली, धूर सोडला आणि वीज कडाडवली. गेल्या वर्षी लेकीबरोबर ती यूट्यूबवर परत बघितली. लेक हसत होती, तलवारी पुठ्ठ्याच्या वाटतात म्हणाली. वाटतातच. पण शीर्षकगीत सुरू झालं तेव्हा मला चपलांचा ढीग आठवला आणि मी तिला गप्प बसवलं.

मराठीकडून मला याचंच दुसरं टोक मिळालं. शाळेच्या वाचनालयात जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' होतं. त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, नारायण विनायक जगताप, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ, आणि काम अगदी अय्याराचं! हे वाचल्यावर त्या अध्यापकांचं वाक्य मी वहीत खोडलं.

तिसरं वाचन 2020 च्या टाळेबंदीतलं. लेकीला उर्दू लिपी येत नाही. याची बोच मला आहे. जगाच्या मुलांना शिकवते आणि घरात शिकवायचं राहून गेलं. म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले, अवघड जागी थांबून मराठीत सांगत. दास्तान डोळ्यांनी वाचायची चीज नाहीच, हे मला तेव्हा जिभेवर कळलं. तीस वर्षं जी वाक्यं मी अडखळत ओलांडली होती ती म्हणताना ताल धरत होती. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली 1928 साली वारले. उतारवयात त्यांच्यावर सुपारी विकायची पाळी आली होती. त्यांच्यानंतर ही कला संपली असंच धरलं जात होतं. मग 2005 साली फारुकींच्या प्रेरणेने त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी दिल्लीत पुन्हा दास्तानगोई सुरू केली. माझा प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्याशी, श्रोती एक.

पाच-सहा महिन्यांनी आम्ही सहाव्या जिल्दीच्या शेवटी आलो. पुढचं पुस्तक नव्हतं. रेख्ताच्या संकेतस्थळावर जुनी प्रत चढवलेली आहे, ती मोबाइलवर उघडली. अक्षरं मुंगीएवढी. अफरासियाब मरतो, तिलिस्म फुटतो, हे मी वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा वाचलं. लेक थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अम्मी, ती बहार फुलं फेकते ते परत वाच ना."

मी दुसरी जिल्द काढायला उठले. तिच्या पुठ्ठ्याला अजून त्या ओसरीतल्या पोत्याचे धागे चिकटलेले आहेत.