घरातल्या उन्हाची नोंद

भीमा आणि मुळा-मुठा यांच्यामधील राहू बेटात आज उसाची हिरवाई दिसत असली, तरी हा मुलूख मूळचा पर्जन्यछायेचा. अशा कोरड्या प्रदेशात पूर्वी जाड मातीच्या भिंती आणि वर माळवद अशी घरे बांधली जात. दिवसाची उष्णता त्या मातीत मुरे आणि आत उतरेपर्यंत संध्याकाळ होई. ते घर गारवा देई. परंतु तो किती देई, हे कोणी टिपून ठेवले नाही. आपल्या सामाजिक इतिहासातील ही उणीव आम्हांस लहान वाटत नाही.

बाहेरच्या हवेच्या नोंदी मात्र जुन्या आहेत. कर्नल सायक्स यांनी दख्खनमध्ये घेतलेली निरीक्षणे १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. परंतु वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जागी, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो, माजघराचे नव्हे.

हवा आणि घर यांची सांगड घालणारे गणित शेतीतून आले. १८७८ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष सर रिचर्ड स्ट्रेची यांनी त्याच वर्षी, ठरावीक तापमानाच्या वर साठणारी उष्णता व तिचा पिकांवरील परिणाम मोजण्याची रीत मांडली. पुढे हीच ‘डिग्री-डे’ची कल्पना घरे उबदार वा थंड राखण्याच्या हिशेबास उपयोगी पडली. समजा, २४ अंश ही पायरी धरली आणि महिन्याचे सरासरी तापमान ३१ अंश असले, तर रोजचे ७, म्हणजे तीस दिवसांचे २१० डिग्री-डे होतात. थंडीतील महिन्याचा वापर वजा जाता पंखा-कूलरला १०५ युनिट लागले, तर दर डिग्री-डेला अर्धा युनिट पडला. पुढील वर्षी डिग्री-डे २४० आणि युनिट १२० झाले, तर बिल वाढले तरी घर बिघडलेले नाही, ऊनच वाढले.

महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यातून खर्च कळतो, कारण कळत नाही. त्या आकड्यांशेजारी तापमान लिहिले, तरच तो घराचा इतिहास होतो.

माळवदाच्या जागी स्लॅब आला, तेव्हा गारव्याची जबाबदारी भिंतींकडून मीटरकडे गेली. या बदलात काय गमावले, हे आज स्मरणावरूनच सांगावे लागते. मात्र काही माळवदे अजून उभी आहेत. एक तापमापक माळवदाखाली, दुसरा शेजारच्या स्लॅबखाली आणि एक वही, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. ती घरे पडण्याआधी ते व्हावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.