दगडावर चढलेले तैलचित्र

भाट्ये-रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत जुन्या घरांच्या भिंतींवर टांगलेल्या चित्रकार राजा रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना आपण तैलचित्राची स्वस्त नक्कल म्हणतो. माझ्या मते तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या या रंगीत छापांचे, म्हणजे ओलिओग्राफचे, कूळ युरोपातल्या जुन्या ग्लेझिंगशी जुळते. पंधराव्या शतकात चित्रकार यान व्हॅन आयकच्या पिढीने जवसासारख्या तेलात पारदर्शक रंग कालवून वाळलेल्या थरावर पातळ थर चढवण्याची ही ग्लेझिंगची रीत कळसाला नेली. भाट्ये खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यातून वाळू दिसावी, तसा खालचा रंग वरच्या रंगातून दिसतो. प्रकाश आत शिरून, रंगून परत येतो. म्हणून पॅलेटवर कालवलेल्या लालपेक्षा असा थरांतून आलेला लाल खोल भासतो. आता छापखान्यात या. मुद्रक एंगेलमानने 1837 मध्ये रंगीत शिळाछपाईचे पेटंट घेतले. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथेही प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एक रंग वाळला की त्यावर दुसरा, आणि शेवटी तैलचित्राची चमक यावी म्हणून वार्निश.

यावर पहिला आक्षेप ठिपक्यांचा. शिळेवरचा कारागीर छटा ठिपक्यांनी काढी; मग रंगांची मिसळ पाहणाऱ्याच्या डोळ्यात होते, थरात नव्हे. हे अर्धेच खरे आहे. शेजारचे ठिपके डोळ्यात मिसळतात, पण पिवळ्यावर पारदर्शक गुलाबी पडतो तिथे त्वचेचा रंग थरातूनच उपजतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: क्रम उलटा. ग्लेझिंग करणारे अनेक चित्रकार आधी करड्या रंगात छायाप्रकाश बसवत आणि मग रंग चढवत. छपाईत बहुधा फिके रंग आधी आणि गडद शेवटी. म्हणजे हे कूळ एका रेषेत उतरलेले नाही, एवढे कबूल करावे लागते. तरी कसब तेच. दोन्हीकडे हवा असलेला रंग कालवून मिळत नाही, तो आधी मनात थराथरांत सोडवावा लागतो. छपाईत तर ही फोड सक्तीचीच: एकदा दगड ठरले की बोटाने पुसून सुधारणा नाही. म्हणून ग्लेझिंगने जुने तैलचित्र पुन्हा उभे करू पाहणाऱ्याने मूळ चित्राइतकेच एखादे ओलिओग्राफही भिंगाखाली धरावे. मूळ चित्र आपले थर लपवते. छापाच्या कडेला मात्र दगड केसभर सरकलेला असला, की ते एकेक करून मोजता येतात.