खरखर म्हणून वगळलेला अर्धा मेंदू

पनवेल बहुतेकांना ‘लागतं’. पुण्याला जाताना लागतं, गोव्याला जाताना लागतं. हार्बरची गाडी इथे संपते. दिवा, कर्जत आणि रोह्याकडचे रूळ इथे एकत्र येतात. मी पनवेलचाच असल्यामुळे ‘अच्छा, पनवेल! आम्ही तिथून जातो नेहमी’ हे वाक्य मला तोंडपाठ आहे. ज्या जागेतून सगळे जातात, तिथे स्वतःचं काही घडत असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

मेंदूतही अशी एक जागा आहे. तिला श्वेतद्रव्य म्हणतात, आणि तिच्याकडे दुर्लक्ष कसं झालं याचा इतिहास मला फार रंजक वाटतो.

मेंदू कापला तर बाहेरून करडा थर दिसतो आणि आत पांढरा भाग. करड्या भागात चेतापेशींची मुख्य शरीरं असतात. पांढऱ्या भागात त्या पेशींचे लांबच लांब तंतू असतात, आणि त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. पांढरेपणा त्या आवरणाचा. रुडॉल्फ विर्शो यांनी १८५४ साली त्याला हे नाव दिलं. माणसाच्या मेंदूचा साधारण निम्मा भाग हा असा पांढरा आहे. विशीतल्या माणसाच्या श्वेतद्रव्यातले मायलिनवाले तंतू एकापुढे एक ठेवले तर लांबी दीड लाख किलोमीटरांच्या आसपास भरते. पृथ्वीला जवळजवळ चार फेऱ्या!

तरीही समजूत अशीच राहिली, की विचार करड्या भागात होतो आणि पांढऱ्या भागात नुसत्या वायरी.

ही समजूत पुढे यंत्रांसोबतही टिकून राहिली. ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल, आणि त्या वाटेवर आपली मुंबईसुद्धा लागते.

एमआरआयच्या मुळाशी जे तत्त्व आहे, ते १९४६ साली अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडलं. अणूंची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात ठेवून योग्य वारंवारतेच्या रेडिओलहरी दिल्या, की ती प्रतिसाद देतात. भौतिकशास्त्रज्ञांना त्यातून केंद्रकांचे चुंबकीय गुणधर्म अचूक मोजायचे होते. पण १९५० च्या सुमारास एक कटकट उभी राहिली. एकाच मूलद्रव्याचं केंद्रक वेगवेगळ्या रेणूंत किंचित वेगवेगळी वारंवारता दाखवू लागलं. मोजमाप बिघडवणारी ब्याद, अशीच अनेकांची पहिली भावना होती. १९५१ साली स्टॅनफर्डमधल्या अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलच्या नमुन्यात हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले. रेणूत हायड्रोजन तीन प्रकारच्या जागी बसतो, म्हणून तीन. मोजमाप बिघडवणाऱ्या त्या फरकातूनच रेणूची रचना वाचता येऊ लागली. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५० च्या दशकातच तिथे या विषयाचं काम त्यांनी उभं केलं.

अडथळा म्हणून टाकून द्यायची गोष्टच मुख्य विषय होऊन बसली. हे आपण लक्षात ठेवू, कारण हेच पुढे पुन्हा होणार आहे.

१९९० साली सेइजी ओगावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदललं तर एमआरआयच्या चित्रातही फरक पडतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ताजं रक्त जास्त येतं, म्हणजे चित्रावरून कामाचा माग काढता येतो. १९९२ पर्यंत माणसांवर हे प्रयोग सुरू झाले. यालाच एफएमआरआय म्हणतात. पद्धत सोपी होती. माणसाला यंत्रात झोपवायचं, बोटं हलवायला सांगायची, थांबवायचं, आणि दोन अवस्थांमधला फरक काढायचा. हा फरक असतो जेमतेम काही टक्क्यांचा. बाकी सगळी खरखर. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की येते, तशी.

मिलवॉकीत पीएचडी करत असलेले भरत बिस्वाल या खरखरीचाच अभ्यास करत होते. ती कमी करायची तर आधी ती समजायला हवी, म्हणून स्वयंसेवकांना काहीही न करता पडून राहायला सांगितलं होतं. तेव्हा दिसलं, की हाताच्या हालचाली सांभाळणारे डाव्या आणि उजव्या मेंदूतले भाग, हात हलत नसतानाही, एकाच तालात वरखाली होत आहेत. दहा सेकंदांत एकदा किंवा त्याहूनही संथ अशी ती लय होती. १९९५ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. श्वासाचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा हा परिणाम असेल, अशी शंका अनेकांनी घेतली, आणि ती रास्तच होती. पण पुढच्या काही वर्षांत इतर प्रयोगशाळांतही असेच ताल सापडत गेले आणि विश्रांत मेंदूचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखा झाली. जे रुग्ण सूचना पाळू शकत नाहीत, म्हणजे लहान मुलं किंवा बेशुद्ध माणसं, त्यांच्यासाठी ही पद्धत मोलाची आहे. काही करायचंच नसतं!

आता गंमत बघा. डावा आणि उजवा भाग एका तालात आहेत. त्यांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नावाचा जाड पट्टा पूर्ण पांढरा आहे. त्यात सुमारे वीस कोटी तंतू आहेत. दोन्ही टोकांना हालचाल आहे, मग मधल्या पट्ट्यात काय?

मधल्या पट्ट्याकडे कुणी फारसं बघतच नव्हतं. उलट, तिथला संकेत खरखर मोजायची पट्टी म्हणून वापरला जात होता. २००७ मध्ये आलेल्या एका लोकप्रिय पद्धतीत श्वेतद्रव्य आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या इथला संकेत घ्यायचा आणि तो सगळीकडून वजा करायचा, असं ठरलं. त्यामागे कारणं होती. श्वेतद्रव्यात रक्तपुरवठा करड्या भागाच्या तुलनेत बराच कमी असतो. पेशींमधली देवाणघेवाण, जिच्यावर सर्वाधिक ऊर्जा खर्च होते, तीही मुख्यतः करड्या भागात चालते.

तरीही काही लोक चिकाटीने बघत राहिले. व्हँडरबिल्ट विद्यापीठात झाओहुआ डिंग, जॉन गोर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की विश्रांत अवस्थेतही श्वेतद्रव्यातले संकेत तंतूंच्या दिशेने एकमेकांशी जुळतात. २०१७ मध्ये जेरुसलेमच्या गटाने श्वेतद्रव्यात बारा जाळी वेगळी काढली. २०१८ मध्ये व्हँडरबिल्टच्याच गटाने दाखवलं, की माणसाला काम दिलं की संबंधित तंतुमार्गांतला संकेतही बदलतो. पुढच्या वर्षी हेही कळलं, की श्वेतद्रव्याचा प्रतिसाद करड्या भागापेक्षा क्षीण असतो आणि उशिरा येतो. करड्या भागाच्या मापाने शोधलं तर तो हातून निसटणार, हे उघड आहे.

हे सगळं निर्विवाद नाही. शेजारच्या करड्या भागाचा संकेत पांढऱ्यात झिरपतो का, रक्तवाहिन्यांमुळे आभास होतो का, हे प्रश्न अजून विचारले जातात, आणि विचारायलाच हवेत. २००९ मध्ये क्रेग बेनेट यांनी एफएमआरआय यंत्रात मेलेला सामन मासा ठेवला. आकडेमोडीत योग्य दुरुस्ती केली नाही, तर त्या मेलेल्या माशाचा मेंदूसुद्धा ‘विचार करताना’ दिसतो! खरखरीत हवं ते ऐकू येणं सोपं असतं. ते खरंच तिथे आहे हे सिद्ध करणं अवघड.

मग याचं आपल्याला काय? माझ्या आजीच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘श्वेतद्रव्यात वयोमानानुसार बदल’ अशी एक ओळ होती. घरात ती वाचून कुणी म्हणालं, ‘म्हणजे मेंदूला काही नाही ना? नुसत्या वायरींचं आहे.’ पण वायरींचं म्हणजे नुसतं नसतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिनच खराब होतं. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारात श्वेतद्रव्य झिजतं आणि चालणं, विचारांचा वेग मंदावतो. मेंदूतल्या ग्लायोमा गाठी अनेकदा पांढऱ्या तंतूंच्या वाटेनेच पसरतात. पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक आहे. अशा ठिकाणी येणाऱ्या मेंदूच्या गाठीच्या रुग्णासाठी कोणता तंतुमार्ग शाबूत आहे, हा थेट बोलण्या-चालण्याचा प्रश्न असतो. तंतू कुठून कुठे जातात हे आज एमआरआयने बऱ्यापैकी दिसतं. ते काम करतात का, हेही उद्या दिसलं तर फार मोठी गोष्ट होईल.

दिलासा देणारी बाब ही, की वजाबाकी आकडेमोडीत झाली, मूळ स्कॅन तसेच आहेत. २०१० साली बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी ३५ केंद्रांमधल्या १,४१४ स्वयंसेवकांचे विश्रांत अवस्थेतले स्कॅन जगासाठी मोफत खुले केले. ते गोळा करताना बहुतेकांची नजर करड्या भागावर होती, पण यंत्राने पांढरा भागही टिपलेला आहे. तुमच्यापैकी कुणी इंजिनीअरिंग किंवा सांख्यिकी शिकत असाल, तर लॅपटॉपवर ते उघडता येतात. फक्त पहिलाच ‘पांढरं वगळा’ हा टप्पा आला की क्षणभर थांबा, आणि तो का आहे ते विचारा.