प्रस्तावना : मोडून जाणणे, न मोडता जाणणे

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा 1615 साली, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात उभा राहिला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी ही योजना. विहिरींसारख्या कुंड्या आणि त्यांना जोडणारे भुयार. तिची भिंत आज किती भार पेलेल, हे भिंत फोडून पाहता येत नाही. नव्या पुलाच्या काँक्रीटचे नमुने मात्र फोडूनच पाहतात. पदार्थ-परीक्षणाचे शास्त्र या दोन वाटांनी चालते.

पहिली वाट मोडण्याची. काँक्रीटचा 150 मिमी बाजूचा घन 28 दिवस मुरवून दाबयंत्रात ठेवतात. तो प्रति चौरस मिमी 20 न्यूटनला फुटला, तर त्याने सुमारे 46 टन भार सोसलेला असतो. ‘एम-20’ या काँक्रीटच्या प्रतीतला 20 ही सरासरी नव्हे. फार तर 5 टक्के निकाल त्याखाली जावेत, अशी ती मर्यादा आहे. म्हणून एका घनावरून निवाडा करू नये. पोलाद ओढून, ठोकून आणि पुन्हापुन्हा वाकवून तपासतात. एकदा सहज पेललेला भार लाखो वेळा आला, की पोलाद तुटू शकते, हे जर्मन अभियंता व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले. भुसावळ-खंडवा मार्गावरच्या गाड्यांचे आसही असाच फिरता भार सोसतात.

दुसरी वाट न मोडण्याची. रुळाच्या पोटातली चीर श्राव्यातीत लहरींच्या प्रतिध्वनीवरून सापडते. वेल्डिंगमधली पोकळी क्ष-किरणांत दिसते. उसळी मोजणारा रिबाउंड हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचीच खबर देतो आणि ओलाव्याने त्याचे आकडे बदलतात. जुन्या दगड-चुन्याच्या बांधकामात सांधे आणि पोकळ्या लहरींची वाट बदलतात. लहरींवरून ताकद ठरवण्याचे काँक्रीटसाठी केलेले कोष्टक तिथे जसेच्या तसे लावले, तर निष्कर्ष चुकतो.

प्रत्येक चाचणी एकाच ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न नीट ठरवला नाही, तर अचूक आकडाही दिशाभूल करतो. हे ओळखण्याची दृष्टी यावी, हाच या पुस्तकाचा हेतू आहे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा हाताशी हवीच असे नाही. बारीक नजर आणि चोख नोंदवही पुरेशी सुरुवात आहे. नमुना कुठून घेतला, कसा मुरवला, भार किती वेगाने दिला, हे आधी लिहा, आकडा त्यानंतर. त्या आकड्याच्या भरवशावर माणसे पुलावरून जाणार आहेत.