वाशिष्ठीच्या पाण्याची खूण

कोकणातील नदी देशावरील नदीसारखी लांब पल्ल्याची नसते. सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावून ती थोड्याच कोसांत समुद्रास मिळते. त्यामुळे रात्री घाटात कोसळलेला पाऊस पहाटे खालच्या गावाच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहराचा इतिहास ज्यास समजून घ्यावयाचा असेल, त्याने प्रथम ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

पूर्वेस कुंभार्ली घाट, उत्तरेस परशुरामाचा डोंगर आणि पश्चिमेस गोवळकोटची खाडी, अशा खोलगट जागी हे शहर वसले आहे. वाशिष्ठी त्याच्या कडेने वाहते आणि शिव नदी वस्तीमधून येऊन तिला मिळते. वर्षाकाठी येथे 3000 मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कऱ्हाडकडचा माल घाट उतरून येथे यावा, गोवळकोटास गलबतांत चढावा आणि दाभोळच्या मुखातून सागरास लागावा, हा येथील जुना व्यापार होय. ज्या खाडीने शहरास संपत्ती दिली, तिनेच संकटही दिले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्रास उधाण आले, की भरतीचे पाणी खाडीतून वर चढते. त्याच वेळी घाटात अतिवृष्टी झाली, तर पुराला पुढे सरकण्यास वाट उरत नाही आणि ते पाणी बाजारपेठेत पसरते. म्हणूनच सखल भागात पाणी येणे हे येथील लोकांच्या अंगवळणी पडले होते. परंतु नित्याच्या पुराची सवय असणे निराळे आणि मोठ्या पुराची तयारी असणे निराळे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या स्वभावातच एक फरक पडला. घाटमाथ्यावर कोयनेला धरण बांधण्यात आले आणि पूर्वेकडे जाणारे तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीच्या वीजगृहात उतरविण्यात आले. वीज निर्माण करून झाल्यावर हे पाणी वाशिष्ठीच्या खोऱ्यात येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिलेले पाणी वर्षाला 67.5 अब्ज घनफूट इतके आहे. उन्हाळ्यात जी नदी रोडावली असती, ती अशा रीतीने बारमाही झाली. पुढे दि. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप होऊन सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली. त्याचा हादरा घाटाखालीही बसला. जलाशयाच्या भाराचा आणि भूकंपाचा संबंध काय, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण तेव्हापासून जगभर दिले जाते.

त्यानंतरचा मोठा घाव जुलै 2005 मधील. दि. 26 जुलैस मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला. त्या जलप्रलयाची आठवण महाराष्ट्रास मुंबईच्या नावाने राहिली आहे, पण त्याच दिवसांत चिपळूणची बाजारपेठही बुडाली होती. दि. 2 जुलै 2019 च्या रात्री तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटून 20 हून अधिक माणसे वाहून गेली. त्या प्रसंगी दोष धरण पोखरणाऱ्या खेकड्यांवरही टाकण्यात आला. संकटाचा दोष मुक्या प्राण्यांवर गेला, म्हणजे माणसांचे उत्तरदायित्व आपोआप हलके होते!

दि. 22 जुलै 2021 च्या पहाटे मात्र पूर्वीच्या साऱ्या अटकळी फोल ठरल्या. पौर्णिमा एका-दोन दिवसांवर आलेली, खाडीस उधाण, आणि डोंगरात अखंड वृष्टी. जवळच्या सह्यशिखरांवर, महाबळेश्वरास, त्यानंतरच्या चोवीस तासांत 594 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. एस. टी. स्थानक, पेठ आणि घरांचे तळमजले पाण्याखाली गेले, कोकण रेल्वे थांबली, महामार्गावरील वाशिष्ठीचा पूल खचला, वीज आणि दूरध्वनी बंद पडले. हजारो लोक माडीवर आणि छपरांवर अडकून राहिले. कोयनेच्या पाण्याने पूर वाढला, असा नागरिकांचा आरोप होता, तर अधिकाऱ्यांना तो मान्य नव्हता. नदीपात्रात साठलेला गाळ हा मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. डिसेंबर 2021 मध्ये तो उपसण्यासाठी नागरिकांनी साखळी उपोषण केले, तेव्हा कोठे त्या कामास गती मिळाली.

या सर्व इतिहासाचा एक मूक साक्षीदार शहरात आहे. 1864 मध्ये स्थापन झालेले येथील ग्रंथालय आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या नावाने ओळखले जाते. 2005 च्या पुरात त्याच्या ग्रंथांची नासाडी झाली. लोकांनी ते पुन्हा उभे केले, इतके की जानेवारी 2013 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरले. आणि 2021 मध्ये त्याच ग्रंथालयात पुन्हा चिखल शिरला व पुन्हा ग्रंथ भिजले. पिढ्यान्‌पिढ्यांची स्मृती जपणारी जागाच पाण्याखाली जावी, यापरते दुर्दैव कोणते?

दोन महापुरांमध्ये सोळा वर्षे गेली. सोळा वर्षे म्हणजे नदीच्या आयुष्यात एक निमिष, पण माणसाच्या विस्मरणास तेवढा काळ पुरेसा होतो. भिंतीवरची पाण्याची खूण रंगाच्या एका हाताने पुसली जाते आणि माल पुन्हा त्याच तळमजल्यावर रचला जातो. 2021 नंतर शासनाने पूररेषा आखल्या. सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. घरे, दुकाने आणि जमिनी त्या रेषांच्या आत सापडल्यामुळे लोकांनी त्यांस विरोध केला. तो अस्वाभाविक नव्हता, कारण आयुष्यभराची कमाई नकाशावरील एका रेघेने अडकून पडते, हे दुःख लहान नाही. तथापि नकाशावरची रेषा नाकारता आली, तरी पाण्याची रेषा नाकारता येत नाही.

पाऊस थांबविणे माणसाच्या हाती नाही. गाळ उपसणे, नाल्यांना वाट मोकळी ठेवणे, धरणाखालच्या गावांना वेळीच इशारा देणे आणि ग्रंथ वरच्या मजल्यावर ठेवणे एवढे मात्र त्याच्या हाती आहे. पाणी कोठवर आले होते, हे ज्या गावातील मुलांना भिंतीवर बोट ठेवून दाखविता येते, ते गाव पुढल्या पुरास निम्मे तरी तयार असते.